कॅनपी लहान करायची आहे? आधी हातातली पुरती उडवून बघा

"दीडशेवर कधी येतोयस?" शंभरेक उड्या झाल्या की पॅकिंगच्या मॅटवर गुडघे टेकून बसलेलं कुणीतरी हा प्रश्न हमखास विचारतं. दीडशे म्हणजे दीडशे चौरस फुटांची कॅनपी, स्कायडायव्हिंगमध्ये डोक्यावर उघडणारं पॅराशूटचं छत. २२० वर शिकलो, १९० वर परवाना घेतला, मग १७०, आता १५०, पुढे १३५. शाळेच्या इयत्ता चढाव्यात तसा हा हिशोब चालतो. इयत्तेला निदान परीक्षा तरी असते, इथे नुसता उड्यांचा आकडा पुरतो.

घरच्यांची भीती एकच असते: पॅराशूट उघडलंच नाही तर? या खेळात मुरलेल्यांना माहीत असतं की परवानाधारक, अनुभवी जंपर ज्या अपघातांत जातात त्यांतल्या बऱ्याच अपघातांत डोक्यावर पूर्ण उघडलेली, एकही दोरी न तुटलेली, धडधाकट कॅनपी असते. चूक शेवटच्या दोन-तीनशे फुटांत होते आणि बहुतेक वेळा ती एकच असते, जमिनीजवळ मारलेलं वळण. कुणाला जागा चुकली म्हणून वळायचं होतं, कुणाला समोर दुसरा आला म्हणून, कुणाला वेग घ्यायचा होता म्हणून. कॅनपी जितकी लहान, तितकं ते वळण महाग.

हा लेख बी परवान्यापासून (ए ते डी या चारांतला दुसरा) पुढच्यांसाठी आहे. त्यातही माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे पुण्या-मुंबईत राहून वर्षातून दोनदा दुबई किंवा पट्टायाला आठवडाभर जाणाऱ्यांसाठी. आठवड्यात वीस-पंचवीस उड्या, मग पाच महिने काही नाही. कॅलिफोर्नियात पेरिसला किंवा फ्लोरिडात डीलँडला दर शनिवार-रविवारी उडणाऱ्याच्या वहीत २०० उड्या असतात आणि आपल्याही वहीत २०० असतात, पण ते दोन २०० एक नव्हेत. कॅनपी लहान करण्याचा प्रश्न आपल्याला त्याच्यापेक्षा कडक निकषांवर सोडवावा लागतो.

आधी आकडा काढा

विंग लोडिंग म्हणजे विमानाबाहेर पडताना असलेलं तुमचं एकूण वजन पौंडांत, भागिले कॅनपीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत. एकूण वजनात कपडे, बूट, हेल्मेट, वेट बेल्ट आणि रिग (पाठीवरचा पॅराशूटचा संच) सगळं धरायचं. रिग साधारण १० ते १२ किलोची असते. अंदाज नको, ड्रॉपझोनवर (उड्यांच्या मैदानावर) सगळं अंगावर चढवून काट्यावर उभे राहा.

तुमचं वजन ७२ किलो आणि सामान १२ किलो असेल तर एकूण ८४ किलो, म्हणजे १८५ पौंड. १९० च्या कॅनपीवर लोडिंग ०.९७ येतं. १७० वर १.०९, १५० वर १.२३, १३५ वर १.३७, १२० वर १.५४. खाली येताना पायऱ्यांची उंची वाढत जाते, हे नीट बघा. १९० वरून १७० वर आलो तर फरक ०.१२ चा. १३५ वरून १२० वर आलो तर ०.१७ चा. "एकच साइज तर खाली आलो" हे वाक्य प्रत्येक पायरीवर सारखं खरं नसतं.

कॅनपी प्रशिक्षक ब्रायन जर्मेन यांनी सुचवलेला एक सोपा नियम बराच वापरला जातो: सुरुवातीला कमाल १.०, आणि पुढे दर शंभर उड्यांमागे ०.१. म्हणजे २०० उड्यांना १.२ च्या वर जायचं नाही. हा वरचा कठडा आहे. तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. माझं मत विचाराल तर वर्षाला पन्नासपेक्षा कमी उड्या मारणाऱ्याने या नियमातून ०.१ वजा करूनच वाचावं.

आकड्यात न दिसणाऱ्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट हलक्या अंगाच्या जंपरना, विशेषतः मुलींना, कुणी सांगत नाही म्हणून थोडं थांबून सांगतो. ५२ किलोची मुलगी सामानासकट ६३ किलो भरते, म्हणजे १३९ पौंड. १३५ च्या कॅनपीवर तिचं लोडिंग १.०३. आकडा बघून सगळे म्हणतील, विद्यार्थ्यांइतकंच तर आहे, काय बिघडतं? पण १३५ च्या दोऱ्या १९० पेक्षा आखूड असतात. आखूड दोऱ्यांवरचा माणूस लंबकासारखा लवकर झोका घेतो, त्यामुळे तीच टॉगलची (कॅनपी वळवायच्या हातातल्या मुठीची) ओढ लहान कॅनपीला जास्त झटकन वळवते आणि जास्त झटकन नाक खाली घालायला लावते. लोडिंग सारखं असलं तरी लहान कॅनपी जास्त तापट. हलक्या माणसाने आकड्याच्या जोडीला क्षेत्रफळाचाही स्वतंत्र विचार करायचा.

दुसरी गोष्ट आकाराची. नॅव्हिगेटरसारखी चौकोनी, शांत कॅनपी, साबर २ किंवा पायलटसारखी किंचित निमुळती, स्टिलेटो-कटानासारखी लंबवर्तुळाकार, आणि वेलॉसिटीसारखी क्रॉस-ब्रेस्ड (आत तिरक्या आधारपट्ट्यांची). एकाच लोडिंगला या चारही अगदी वेगळ्या वागतात. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा: साइज बदलायची किंवा मॉडेल बदलायचं. १७० च्या साबर २ वरून १५० च्या स्टिलेटोवर थेट उडी म्हणजे दोन पायऱ्या एकदम.

तिसरी गोष्ट हवेची. उन्हात तापलेली हवा विरळ असते आणि विरळ हवेत कॅनपी जास्त वेगाने उडते. हवेच्या घनतेनुसार धरलेली उंची हजार फुटांनी वाढली की खरा वेग साधारण २ टक्क्यांनी वाढतो. हिवाळ्यात समुद्रकाठी मारलेलं लँडिंग आणि एप्रिलच्या दुपारी वाळवंटात मारलेलं लँडिंग, कॅनपी तीच असली तरी वेगळं असतं. फ्लेअरला, म्हणजे उतरताना दोन्ही टॉगल ओढून वेग मारताना, जमीन अंगावर आल्यासारखी वाटते ती उगाच नाही.

उंचीवरचा अभ्यास

कॅनपी लहान करण्याआधी हातातल्या कॅनपीवर खालचं सगळं जमलं पाहिजे. त्यासाठी वेगळ्या उड्या ठेवा. एका आठवड्याच्या सहलीत किमान चार हॉप अँड पॉप, म्हणजे पाचेक हजार फुटांवरून बाहेर पडून लगेच उघडायचं. किंवा पूर्ण उंचीवरून जाऊन वर उघडायचं असेल तर विमानात चढण्याआधी लोड ऑर्गनायझरला (विमानाच्या त्या फेरीतल्या, म्हणजे लोडमधल्या, उड्या आखणाऱ्याला) आणि मागून उतरणाऱ्यांना सांगा, नाहीतर फ्रीफॉलमधला माणूस तुमच्यावर येईल. सगळे प्रयोग २,५०० फुटांच्या वरच संपवायचे आणि प्रत्येक प्रयोगाआधी खाली-मागे-बाजूला बघायचं.

आधी स्टॉल शोधा, म्हणजे टॉगल फार ओढल्याने कॅनपी उडणं सोडते ती जागा. दोन्ही टॉगल सावकाश, सारखे खाली नेत जा. वाऱ्याचा आवाज मंदावतो, कॅनपी मऊ पडते, मग मागे झुकल्यासारखी होते. हात कुठे होते ते लक्षात ठेवा: कमरेशी, मांडीशी, की हात पूर्ण ताणूनही स्टॉल आलाच नाही? सोडताना झटक्यात सोडू नका. कॅनपी पुढे झेपावते आणि दोऱ्या सैल पडतात. सावकाश वर नेलं की ती सावरते. स्टॉलची जागा माहीत नसलेला माणूस फ्लेअर एक तर अर्धवट मारतो, नाहीतर जास्त मारतो.

मग वळणात किती उंची जाते ते मोजा. पूर्ण वेगात असताना एक टॉगल खाली खेचून ३६० अंश वळा, वळण संपून कॅनपी पुन्हा सरळ उडायला लागेपर्यंत थांबा आणि आल्टिमीटर वाचा. वळण संपणं आणि घसरण संपणं या दोन वेगळ्या वेळा आहेत. वळण थांबलं तरी कॅनपी काही काळ नाक खाली घालून पडत राहते आणि मगच कमान घेऊन सरळ होते. माझ्या १७० वर ३६० ला साधारण ३०० फूट जात होते. उधारीच्या १५० वर तेच मोजलं तेव्हा आकडा वाढला, शिवाय सरळ व्हायला तिने जास्त वेळ घेतला. एकदा हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं की ८० फुटांवर टॉगल खेचायला हात धजावत नाही.

यानंतरचा सराव सगळ्यांत मोलाचा: सपाट वळण. दोन्ही टॉगल अर्ध्यावर आणा, तिथून एक थोडा आणखी खाली न्या किंवा दुसरा थोडा वर सोडा. कॅनपी न झुकता, नाक खाली न घालता फिरते. ९० अंश वळा, उंची वाचा, आणि मघाच्या पूर्ण वेगाच्या वळणाशी ताडून बघा. डावीकडे दहा, उजवीकडे दहा. मग अर्ध्या ब्रेकवरूनच (टॉगल अर्ध्यावर असतानाच) फ्लेअर पूर्ण करायचा सराव. त्यात ताकद कमी असते आणि स्टॉल जवळ असतो, म्हणून तो वरच शिकायचा. हे हातात इतकं भिनलं पाहिजे की दचकल्यावर आपोआप दोन्ही हात खाली यावेत. आपल्या हाताची उपजत सवय उलटी असते. दचकलो की एकच टॉगल जोरात खेचला जातो.

शेवटी मागचे रायझर, म्हणजे दोऱ्यांना हार्नेसशी जोडणाऱ्या पट्ट्या. ब्रेक लाइन (टॉगलची दोरी) तुटली तर त्यांच्यावरच उतरावं लागेल. मागच्या रायझरवर ओढ अगदी कमी लागते आणि स्टॉल अचानक, फारशी पूर्वसूचना न देता येतो. वर दहा-बारा वेळा रायझरवर फ्लेअर मारून स्टॉलची सीमा बोटांना कळली पाहिजे. प्रत्यक्ष रायझरवर उतरण्याची घाई नको. ते प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच.

यूएसपीए ही अमेरिकेतली पॅराशूट संघटना बी परवान्यासाठी कॅनपीचा अभ्यासक्रम सक्तीचा करते तो याच कारणाने. तुम्ही तो केला असेल तरी कॅनपी बदलण्याआधी एखाद्या चांगल्या कॅनपी प्रशिक्षकाबरोबर पुन्हा करा. प्रत्येक लँडिंगचा व्हिडिओ घेऊन तो दाखवतो तेव्हा आपण फ्लेअर मारताना एक हात पुढे काढतो हे पहिल्यांदा कळतं. पडणाऱ्या माणसाने जमिनीकडे हात टाकावा तसा तो हात जातो, टॉगल त्याच्याबरोबर खाली ओढला जातो आणि कॅनपी त्याच बाजूला कलते. मोठ्या कॅनपीवर यातून गुडघा खरचटतो. लहान कॅनपीवर मनगट किंवा मांडीचं हाड मोडतं.

पॅटर्न

पॅटर्न, म्हणजे उतरण्याआधीचा ठरलेला मार्ग, आपण पहिल्या आठवड्यात शिकतो आणि पन्नास उड्यांनंतर ढिला सोडतो. १,००० फुटांना वाऱ्याच्या दिशेने, ६०० च्या आसपास बेस (आडवा टप्पा), ३०० ला फायनल (वाऱ्याकडे तोंड करून शेवटचा सरळ टप्पा). वेगवान कॅनपीला हे आकडे वर सरकवावे लागतात. विमानात बसण्याआधी वाऱ्याची दिशा बघून तिन्ही वळणं जमिनीवरच्या खुणांशी बांधून ठेवा: हँगरचा कोपरा, रस्त्याचं वळण, टाकी. फायनलवर आल्यावर नजरेत असा एक ठिपका शोधा जो वरही सरकत नाही आणि खालीही सरकत नाही. तुम्ही तिथेच जाणार आहात. जो वर सरकतो तिथे पोचणार नाही, जो खाली सरकतो त्याच्या पुढे जाल.

माझा निकष असा: लागोपाठ दहा उड्यांत दहाही वेळा ठरवलेल्या जागेच्या दहा मीटरच्या आत, उभ्याने, वेगवेगळ्या वाऱ्यात. त्यांतली एखादी अगदी शांत हवेत, एखादी मंद आडव्या वाऱ्यावर. आडव्या वाऱ्यावर उतरायला जो घाबरतो तो जमिनीजवळ वाऱ्याकडे तोंड करायला वळतो, आणि तेच ते महाग वळण. ५ मैल वेगाच्या वाऱ्यात पाठीशी वारा घेऊनही, पंख (म्हणजे कॅनपी) सरळ ठेवून, फ्लेअर मारून नीट लोळण घेतली तर फार तर कपडे मळतात.

इमारती आणि झाडांच्या आडोशाला हवा भोवरे खाते, ती उंचीच्या १० ते २० पट अंतरापर्यंत. ३० फुटी हँगरच्या मागे ३०० ते ६०० फुटांची पट्टी वारा असताना संशयाची. अशा हवेत सापडलात तर पंख सरळ, कॅनपी पूर्ण वेगात, आणि लोळण घ्यायची तयारी.

रहदारीबद्दल फार लिहीत नाही, नियम सगळ्यांना पाठ आहेत: खालच्याचा हक्क पहिला, पॅटर्नच्या उंचीत गोल गोल फिरायचं नाही, आपण काय करणार हे दुसऱ्याला लांबून कळलं पाहिजे. वेगाने उतरणाऱ्यांची जागा किंवा वेळ वेगळी ठेवणं ही ड्रॉपझोनची जबाबदारी. पण ते होत नसेल तर मोठ्या कॅनपीवाल्याने ब्रेक धरून वर थांबावं आणि त्यांना आधी जाऊ द्यावं. यात कमीपणा काही नाही.

खाली सापडलात तर

काही वर्षांपूर्वी, एकशे चाळिसाव्या उडीच्या सुमारास, मी लँडिंगच्या मैदानाबाहेर एका कुंपणाच्या रोखाने चाललो होतो. उंची शंभर फुटांच्या आत. मी उजवा टॉगल खेचला. कॅनपी झुकली, जमीन तिरकी झाली, आणि त्या क्षणी मला कळलं की आपण काय केलं. दोन्ही हात खाली नेले, कॅनपी जेमतेम सरळ झाली आणि मी उभ्याने उतरायचा प्रयत्न केला. घोटा दोन ठिकाणी मोडला. १९० चौरस फूट होती म्हणून घोटाच. मैदान, वारा, विमान, सगळं ठीक होतं. चुकलेला फक्त हात होता.

म्हणून क्रम पाठ करून ठेवा. आधी पंख सरळ. मग सपाट वळणाने अडथळा टाळा, वाऱ्याची दिशा काय वाटेल ती असो. मग किमान अर्ध्या ब्रेकपर्यंत फ्लेअर. मग पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून लोळण. वाऱ्याकडे तोंड करणं या यादीत नाही, कारण त्या उंचीवर त्याची किंमत सगळ्यांत जास्त असते. चुकून वळण सुरू झालंच असेल तर ते पूर्ण करायच्या नादी लागू नका. दोन्ही टॉगल ताबडतोब खाली घेऊन कॅनपी डोक्यावर आणा.

लोळणीचा सराव दर सहलीच्या पहिल्या सकाळी गवतावर करतो. बघणारे बघोत.

साधनांकडे वळू

लहान कॅनपी साधनातल्या चुका माफ करत नाही. १९० वर एक ब्रेक दोन इंच आखूड असला तर ती जराशी एका बाजूला ओढते. १३५ वर तीच चूक उघडतानाच गोल फिरवते.

दोऱ्यांपासून सुरुवात करा. तुमच्या दोऱ्या स्पेक्ट्राच्या असतील तर त्या वापराने आखडतात. स्लायडर (दोऱ्यांवरचं चौकोनी कापड) खाली घसरताना घर्षणाने तापतो आणि ती उष्णता कडेच्या दोऱ्यांना आणि ब्रेक लाइनना जास्त बसते, म्हणून त्या जास्त आखडतात. परिणामी कॅनपीचा मूळ तोल बिघडतो, उघडणं खडबडीत होतं, आणि टॉगल पूर्ण वर असतानाही कॅनपी कायम थोड्या ब्रेकमध्ये उडत राहते. तपासायचं सोपं आहे. पूर्ण वेगात सरळ उडताना मागे वळून बघा: ब्रेक लाइनला वाऱ्याने मागे पोट आलेलं दिसलं पाहिजे आणि कॅनपीची शेपूट कुठेही खाली ओढलेली नसावी. पुढचे रायझर ओढल्यावर कॅनपी धडधडत असेल तर ब्रेक आखूड झालेत. व्हेक्ट्रान आणि एचएमए दोऱ्या आखडत नाहीत, पण त्या झिजतात आणि तुटायच्या आधी फार काही सांगत नाहीत. त्यांच्यावर केसाळ लव दिसली, विशेषतः ब्रेक लाइन रायझरच्या कडीतून जाते तिथे, की रिगरकडे (पॅराशूट दुरुस्त आणि पॅक करणाऱ्याकडे) न्यायचं.

मग पायलट शूट, म्हणजे मुख्य कॅनपी बाहेर ओढणारी छोटी छत्री. तिच्या ब्रायडलमधून (जोडपट्टीतून) जाणारी किल लाइन, म्हणजे उघडल्यावर तिला मिटवणारी दोरी, हीही आखडते. फार आखडली की पायलट शूट पूर्ण फुगत नाही, बॅग उचलायला वेळ लागतो आणि तुम्ही "आज उशिरा उघडली" म्हणून सोडून देता. पायलट शूट कॉक करून (फुगायला तयार करून) ताणून बघा, मधला भाग आत खेचलेला दिसतो का. पॅकिंग करताना ब्रायडलवरच्या खिडकीत रंग दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसऱ्याने पॅक केलं असेल तरीही ती खिडकी स्वतः बघायची.

क्लोजिंग लूपवर (कंटेनर, म्हणजे पाठीवरची पिशवी, बंद ठेवणाऱ्या दोरीच्या फाशावर) दहा टक्के झीज दिसली तरी मी बदलतो. त्याचा खर्च वडापावइतकाही नसतो. सैल लूप म्हणजे विमानाच्या दारात किंवा फ्रीफ्लायमध्ये अवेळी उघडण्याचं आमंत्रण. हेड-डाउन (डोकं खाली करून) उडताना वेग ताशी १५० मैलांच्या वर असतो, पोटावरच्या उडीत तो साधारण १२० असतो. त्या वेगात अवेळी उघडलेली कॅनपी माणसाची मान मोडू शकते. तसंच पायलट शूटच्या खिशाचं इलास्टिक सैल झालेलं चालत नाही. कॅनपी लहान करताना हा मुद्दा आणखी महत्त्वाचा: १७० साठी शिवलेल्या कंटेनरमध्ये १३५ भरली तर सगळंच सैल बसतं. कंटेनरला कोणत्या साइज चालतात हे बनवणाऱ्याच्या तक्त्यात बघा आणि लूपची लांबी नव्याने ठरवा.

थ्री-रिंग, म्हणजे मुख्य कॅनपी सोडवणारी तीन कड्यांची बिल बूथ यांची रचना, साधी आणि भरवशाची आहे, पण दुर्लक्ष सहन करत नाही. महिन्यातून एकदा रिंगा सोडवा, रायझरच्या पट्ट्या हाताने वाकवून मऊ करा, पिवळ्या केबल बाहेर काढून कापडाने पुसा आणि सिलिकॉनचा हलका हात फिरवा. दुबईची बारीक वाळू केबलच्या नळीत जाते आणि कटअवेची (मुख्य कॅनपी सोडून देण्याची) ओढ जड करते. समुद्रात उतरलात तर सगळं गोड्या पाण्यात धुवायचं आणि रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) रिगरकडे द्यायचं.

एएडी (ठरावीक उंचीला रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र) आहे म्हणून निवांत राहू नका, आणि कोणत्या मोडमध्ये आहे ते वाचा. सायप्रेस एक्स्पर्ट साधारण ७५० फुटांवर, वेग ताशी ७८ मैलांच्या वर असेल तर रिझर्व्ह उघडते. स्टुडंट मोडला तीच मर्यादा ताशी २९ मैल आहे. भाड्याच्या रिगमध्ये स्टुडंट सायप्रेस असेल आणि तुम्ही खाली येऊन जोराचं वळण मारलंत, तर उघड्या कॅनपीबरोबर रिझर्व्हही बाहेर येईल. आपल्यातले बरेच जण भाड्याच्या रिगवर उडतात, म्हणून हे ठळक सांगतो: काउंटरवर रिग घेताना मोड विचारा.

आरएसएल (कटअवे होताच रिझर्व्ह उघडणारी पट्टी) किंवा स्कायहुकसारखी एमएआरडी (सुटलेल्या मुख्य कॅनपीच्या ओढीने रिझर्व्ह बाहेर काढणारी रचना) काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याला कारण विचारा. कॅनपी-फॉर्मेशनसारखी (उघड्या कॅनपी हवेत एकमेकींना जोडण्यासारखी) मोजकी कारणं खरी आहेत. बाकी बहुतेकांसाठी ती जोडलेलीच असावी. आणि रिझर्व्ह फार लहान घेऊ नका. एएडीने ती उघडली याचा अर्थ तुम्ही कदाचित शुद्धीवर नाही, आणि ब्रेक बांधलेल्या अवस्थेत ती एकटीच तुम्हाला जमिनीवर आणणार आहे.

२०१८ साली पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली. तेव्हापासून सणाला तसं काही करावं का, असं मला विचारलं जातं. शेकडो उड्यांचा अनुभव नसेल तर नाही. हँडलवर येऊ शकणारा पदर, दुपट्टा, झेंडा, अगदी सैल जॅकेटसुद्धा, कटअवेच्या क्षणी हात आणि हँडल यांच्यामध्ये उभं राहतं.

निर्णयाची उंची

बी ते डी परवान्यांसाठी यूएसपीएची शिफारस अशी की कटअवेचा निर्णय १,८०० फुटांपर्यंत घेऊन मोकळं व्हावं. लहान कॅनपीवर मी तो २,५०० ला घेतो, आणि मुख्य कॅनपी ४,००० च्या वर उघडतो. कारण लाइन ट्विस्ट, म्हणजे दोऱ्यांना पडलेला पीळ. १.० लोडिंगवर ट्विस्ट आले तर कॅनपी बहुधा सरळ उडत राहते, तुम्ही पाय मारून ते उलगडता. १.४ वर तेच ट्विस्ट गरगर फिरवतात, दर फेरीला शंभरेक फूट खातात आणि अंगावर जोर आणून हात जड करतात. उलगडायला दोन प्रयत्न, उंची बघा, नाही जमलं तर कटअवे. हाताला हँडलचा क्रम दर सकाळी जमिनीवर दहा वेळा.

दोन कॅनपी एकदम बाहेर आल्या तर: एकामागे एक असतील तर कटअवे करायचं नाही, पुढची हलक्या हाताने चालवायची. दोन्ही एकमेकींपासून फाकून जमिनीकडे तोंड करू लागल्या तर मुख्य सोडायची. शेजारी-शेजारी असतील तेव्हा काय करायचं हे तुमच्या ड्रॉपझोनच्या प्रशिक्षकाबरोबर, तुमच्याच रिगवर लटकून, ठरवून घ्या.

पावसाळा आणि खंड

जून ते सप्टेंबर रिग मुंबईच्या कपाटात ठेवलीत तर आर्द्रता तिला सोडत नाही. कॅनपीला बुरशीचा वास, रबर बँड चिकट, वेल्क्रो मऊ. कोरड्या खोलीत, उन्हापासून दूर, गाडीच्या डिकीत मुळीच नाही. सहलीआधी सगळे रबर बँड बदला. बँड सैल असेल तर दोऱ्या एकदम सुटतात आणि उघडणं असा झटका देतं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. रिझर्व्हच्या रीपॅकची तारीख तिकीट काढतानाच बघा. अमेरिकेत ती मुदत १८० दिवसांची आहे, तुम्ही जाल तिथला नियम आधी विचारा.

माणसालाही गंज चढतो. यूएसपीएच्या शिफारशीनुसार ए परवानाधारकाला ६० दिवस, बी ला ९० दिवस आणि सी-डी ला सहा महिन्यांचा खंड पडला की उजळणी करून मगच उडायचं. पाच महिन्यांनी परतणारा बी परवानाधारक थेट लोडवर नाव लिहितो, हे मी दर मोसमात बघतो. पहिली उडी एकट्याने, वर उघडून, फक्त कॅनपीची. त्या सहलीत नवी कॅनपी सुरू करायची असेल तर ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जुन्या कॅनपीवर दहा उड्या झाल्यावर.

प्रत्यक्ष बदलताना

विकत घेण्याआधी उधार किंवा डेमो घ्या. परफॉर्मन्स डिझाइन्ससारखे उत्पादक डेमो कॅनपी देतात. सकाळी वारा मंद आणि सारखा असताना, मैदान मोठं आणि मोकळं असताना सुरू करा. नव्या कॅनपीबरोबर कॅमेरा, नवा सूट, मोठी फॉर्मेशन, अनोळखी ड्रॉपझोन यांतलं काहीही जोडू नका.

पहिल्या उडीत ५,००० ला उघडून वरचा सगळा अभ्यास पुन्हा: स्टॉल, ३६० ची उंची, सपाट वळण, मागचे रायझर. लँडिंग पॅटर्न नेहमीपेक्षा थोडा वर आणि रुंद. फ्लेअरची वेळ तुमच्या हाताला जुन्या कॅनपीची माहीत असते, म्हणून वरच पाच-सहा वेळा दोन टप्प्यांत फ्लेअर मारून बघा: पहिल्या ओढीने ती सपाट होते कुठे, दुसऱ्या ओढीने थांबते कुठे. पहिल्या दहा उड्यांत सरळ फायनल, एकही वळण ३०० फुटांखाली नाही. वहीत प्रत्येक उडीपुढे वारा, तापमान, ठरलेल्या जागेपासूनचं अंतर आणि ३६० ला गेलेले फूट लिहा.

दहापैकी दोन लँडिंग जरी घाबरवणारी झाली तर जुनी कॅनपी परत चढवा. मी १५० वरून एकदा परत १७० वर आलो, सात महिन्यांच्या खंडानंतर, आणि त्या पूर्ण सहलीत १७० च उडवली. १५० पॅक करून खोलीत ठेवली होती. पुढच्या खेपेला, चौथ्या दिवशी सकाळी, ती बाहेर काढली.